सिनेमातला कडू घास

पडद्यावर माणूस मेला आणि आमच्या अख्ख्या रांगेतून कुणाच्या तोंडून साधं ‘अगं बाई’सुद्धा निघालं नाही, तेव्हाच मी ओळखलं की या सिनेमाचं काही खरं नाही. आमच्या गावच्या बायका दुसऱ्याची शेळी मेली तरी हळहळतात. मालिकेतल्या सुनेला सासूने उपाशी झोपवलं की यांच्या हातातला घास हातात राहतो. अशा बायकांना अडीच तास कोरडं ठेवणं सोपं नाही. या लोकांनी भरपूर पैसा ओतून ते साधलं.

मी जालन्यात शाळेत शिकवते. सासर भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या जवळचं एक गाव. मी धाकटी सून. सासरी माझ्याबद्दल पहिल्या वर्षापासून एकच मत आहे, की हिच्या जिभेला हाड नाही. ते खरंच आहे आणि या सिनेमाबद्दल बोलताना मी ते खोटं पाडणार नाही. माझी मोठी जाऊ, जिला मी बाई म्हणते, ती मात्र अगदी उलटी. तिला राग आला तर ती भांडी घासायला घेते. या सगळ्या प्रकरणात राग तिला यायला हवा होता. आला मला, आणि अजून उतरलेला नाही.

गावाच्या कडेला एक बंद पडलेलं जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. कधीकाळी तालुक्यातल्या कापसाच्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असायच्या. ते राजस्थानातून पिढ्यांपूर्वी येऊन इथलेच झालेल्या एका शेटजींचं. शेटजी आता थकलेत, कारभार सून पाहते. गाव तिला भाभी म्हणतं. जिनिंगचं मोठं अंगण, मधोमध लिंबाचं झाड, जुन्या लाकडी खांबांची पेढी, हे सगळं कुणीतरी फोटोत पाहिलं आणि मुंबईहून माणसं आली. निजामाच्या काळातला सिनेमा करायचाय म्हणाली. कापसाच्या आडून चाललेली तस्करी, एका मुनिमाचा खून आणि त्याचा तपास करणारा फौजदार. गोष्ट ऐकून गाव खूश झालं. खून म्हटल्यावर कोण नाही ऐकणार?

भाभीने जागा दिली. गावातल्या बायकांना गर्दीत बसायला घेतलं. बाईही गेली. मी जालन्यात होते, त्यामुळे तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं, पण इतक्या जणींकडून ऐकलं की आता ते मला दिसतं. बाईची शेजारीण तेवढी तिथे नव्हती. तिच्या लेकीचं जाफराबादला बाळंतपण होतं. ती शूटिंग सुरू व्हायच्या आधी गेली आणि सगळं आटोपल्यावर परत आली. तिची म्हैस तेवढे दिवस बाईनेच दोहली. परत आल्यावर शेजारणीने गावभर एकच रडगाणं लावलं होतं, की जन्मात एकदा गावात सिनेमा आला आणि मी नेमकी तिकडं डिंकाचे लाडू वळीत बसले.

आता सिनेमाच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही.

माझे मोठे दीर, म्हणजे बाईचा नवरा, कोरोनात गेले. जालन्याच्या दवाखान्यात गेले आणि तिथूनच गेले. त्यांना गावी आणू दिलं नाही. माझ्या नवऱ्याने लांबून पाहिलं, तेही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेलं काहीतरी. बाई गावात होती. आम्हाला जालन्याच्या बाहेर पडू देईनात. रस्त्यावर पोलीस, नको नको ते कागद मागणारे. बाईने फोनवर ऐकलं आणि घरात एकटी बसून राहिली.

आमच्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परत आली की भावकीतल्या, शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि रडणाऱ्या बाईच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास घालतात. ती मान फिरवते, नको नको म्हणते, तरी घालतात. याला कडू घास म्हणतात. तो चवीने खायचा नसतो. तुझा माणूस गेला पण तुला जेवायचंय, आणि आम्ही आहोत, एवढंच त्या घासातून सांगायचं असतं. पुढे आयुष्यभर त्या बाईला आठवत असतं की तेव्हा कोण कोण आलं होतं.

बाईच्या वेळी कुणी आलं नाही. म्हणजे अन्न आलं. अंगणाच्या दगडावर डबे ठेवून लोक लांबून हाक मारून निघून गेले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सगळेच भ्यालेले होते. शेजारणीने तर बाईच्या आणि आपल्या दाराच्या मधल्या बोळात फिनाईलचं पाणी ओतलं होतं, सकाळ-संध्याकाळ. ते मात्र मी कधी विसरले नाही. बाईने डबा उघडला आणि एकटीने जेवली. पुढे कितीतरी दिवसांनी, आम्ही दोघी गव्हात खडे बघत बसलो होतो तेव्हा ती सहज म्हणाली, “कडू घास म्या सोताच्या हातानं खाल्ला गं.” एवढंच. परत त्यावर बोलली नाही.

तर शूटिंगच्या दिवशी असं झालं. मुनिमाचा खून झालेला आहे, अंगणात त्याचं प्रेत ठेवलंय, भोवती बायका बसल्यात. मुनिमाची बायको म्हणून मुंबईची नटी. प्रेत म्हणून शेजारच्या गावचा एक पोरगा, पांढऱ्या कापडात पक्का गुंडाळलेला. त्याला सांगितलं होतं की पोट हलता कामा नये. बायकांना सांगितलं होतं, पदर तोंडावर घेऊन बसा, पण रडू नका, आवाज बिलकुल नको. दिग्दर्शकाला शांत दुःख पाहिजे होतं. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. गिरणीवाली, म्हणजे गावात पिठाची गिरणी चालवणारी आमची एक भावकीतली पुतणसून, तिने विचारलंसुद्धा, “आवाज न्हाई करायचा तर बसायचं कशाला? मंग सतरंज्याच टाका की.” तिला गप्प केलं.

एकदोनदा सगळं त्यांच्या मनासारखं झालं. मग तिरडी उचलली, चौघांनी खांदा दिला आणि ते गुंडाळलेलं पांढरं अंगणातून फाटकाच्या बाहेर निघालं. तेव्हा बाईने हंबरडा फोडला. बाई, जी दीर गेले तेव्हाही मोठ्याने रडली नव्हती, कारण रडायला समोर कुणी नव्हतं. गिरणीवाली सांगते की त्या आवाजाने तिरडीवरचा पोरगा घाबरून उठून बसला. दिग्दर्शक कट म्हणाला. कट म्हटल्याने रडणं थांबत नसतं. बाई पदरात तोंड खुपसून जमिनीवर हात आपटत राहिली आणि तिच्याभोवतीच्या बायकाही रडायला लागल्या. मग शिकवल्यासारख्या चारदोन जणी उठल्या. जिनिंगच्या समोरच घरं. दुपारची वेळ, स्वयंपाक झालेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. अंगणातून प्रेत बाहेर गेलंय, बाई रडते आहे, म्हणजे पुढे काय करायचं हे त्यांना माहीत होतं. ताटलीत भाकरी आणि बेसन घेऊन त्या आल्या आणि बाईच्या पदराखाली हात घालून तिला घास भरवायला लागल्या.

शहाणी माणसं याला चूक म्हणतील. सिनेमाचं प्रेत, खोटी तिरडी, आणि या बायांनी खरा कडू घास आणला. असेल चूक. पण ती चूक घडताना कॅमेऱ्यावाल्याने कॅमेरा वळवला, आणि दिग्दर्शकाने हाताने खूण केली की चालू ठेव. ही गोष्ट भाभीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. सगळं आटोपल्यावर तो दिग्दर्शक बाईसमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, “मावशी, आज तुम्ही माझा सिनेमा वाचवलात. हे पडद्यावर येणार.” सगळ्या गावासमोर म्हणाला. मागितलं नव्हतं कुणी त्याला.

त्यानंतर बाईचं एकच सुरू झालं. मी फोन केला की शेतातलं, पाण्यातलं, पोरांचं सगळं विचारून झालं की शेवटी, “आला का गं तो सिनेमा?” गावात तिला हिरोईन म्हणून चिडवायचे. मीही चिडवायचे. तीही हसायची, पण विचारायचं काही सोडायची नाही. मला वाटायचं, या वयात पडद्यावर दिसायची हौस आली असेल, असू दे. आयुष्यभर कुणाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती धड उभी राहिलेली नाही, कायम कुणाच्यातरी खांद्यामागे अर्धी.

एकदाचा सिनेमा आला. शनिवारच्या दुपारच्या खेळाला गावातून काळीपिवळी जीप करून बायका जालन्याला आल्या. बाई, भाभी, गिरणीवाली, शेजारीण आणि आणखी चारपाच जणी. शेजारीण शूटिंगला नव्हती म्हणून सिनेमा तरी चुकवायचा नाही या हट्टाने आली होती आणि सगळ्यांत आधी खिडकीची जागा धरून बसली होती. बाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी थिएटरच्या दाराशी भेटले. रविवारची सुटी, म्हणून परतताना मीही त्यांच्याबरोबर गावी जाणार होते.

आणि मग तो सिनेमा. काय सांगावं!

दिसायला देखणा, हे मी मान्य करते. प्रत्येक चौकट अशी की काच बसवून भिंतीवर लावावी. जुना काळ दाखवायचा म्हणून सगळं जग तपकिरी करून टाकलेलं, जणू तेव्हाच्या माणसांना हिरवं शेत दिसतच नव्हतं. आमचं लिंबाचं झाड निळ्या उजेडात असं उभं केलं होतं की गिरणीवाली म्हणाली, “याला काय झालं, कीड लागली का?” जिनिंगमध्ये कापूस होता, पण कुणाच्या कपड्यावर तंतू नाही, कुणी खोकत नाही, सरकीच्या ढिगावर कुणी बसत नाही. जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या असं शेटजी सांगतात. इथे मजुरांच्या सदऱ्यांना इस्त्री. टोप्या मात्र झकास. प्रत्येकाला वेगळी टोपी आणि प्रत्येक जण ती काढताना थांबून कॅमेऱ्याकडे बघणार.

आणि चालतात किती! फौजदार चालतो, तस्कर चालतो, त्याच्या मागे दोघे चालतात, सगळे सावकाश, कोट उडवीत, मागे संगीत असं की आता आभाळ फाटणार. आभाळ काही फाटत नाही. ते नुसते एका दारातून दुसऱ्या दारात जातात. बोलतात तेव्हा कुजबुजतात. त्यातही निजामाच्या राज्यातला फौजदार, पण बोलणं पुण्याच्या सदाशिव पेठेतलं. आमच्याकडे आजही म्हातारी माणसं जल्दी करा म्हणतात, खर्चा किती झाला विचारतात, बराबर आहे म्हणतात. तेव्हा तर कचेरीचा सगळा व्यवहारच उर्दूत. या फौजदाराच्या तोंडी एक शब्द उर्दू नाही. टोपीच्या काठाची शिलाई त्यांनी संग्रहालयातून शोधून आणली असेल, पण माणसाची भाषा शोधायला गावात आठवडेच्या आठवडे राहूनही कुणाशी दोन वाक्यं बोलले नाहीत.

आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीला शेजाऱ्याला विचारलं, “हा कोनै?” शेजारी म्हणाला, “तस्कर असंन.” थोड्या वेळाने, “मंग तो कोनै?” “तो बी तस्करच दिसून राह्यला.” मग दोघांनी नाद सोडला आणि एकाने मोबाईल काढला. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. जी पोरं उरली होती ती थंड हवेसाठी उरली होती. आमच्या रांगेत बाई तेवढी खुर्चीच्या कडेवर, पुढे सरकून बसलेली, डोळ्याचं पातं न लवू देता.

मुनिमाचा खून मध्यंतराच्या थोडाच नंतर होतो. खून असा की आधी दिवा विझतो, मग काच फुटते, मग कुणाचा तरी बूट. गोळी मुनिमाला लागली हेही पुढे फौजदार बोलल्यावर समजलं. आणि मग आमचं अंगण आलं. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. भाभी बाईच्या कानात म्हणाली, “आता बगा हं.” पडद्यावर फौजदाराचा चकचकीत बूट. त्याच्या बाजूला सिगारेटची राख पडते, सावकाश. मागे, लांबवर, धूसर, पदर घेतलेल्या बायकांच्या पाठी. पोती रचून ठेवल्यासारख्या. नटीच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो, ओठावरची लाली जराही न विस्कटता. आणि पुढच्या चित्रात ती मोटारीत बसून कुठेतरी निघालेली.

झालं. बाई नाही, भाकरी नाही, हात नाही, आवाज नाही.

बाई तशीच कडेवर बसून राहिली. तिला वाटलं असेल, पुढे येईल. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली, झाडूवाला आत आला, तरी ती पडद्याकडे बघत होती. मीच म्हटलं, “बाई, चला.”

हे लोक म्हणतात प्रेक्षक गुंतला नाही. पुढच्याच आठवड्यात त्या दिग्दर्शकाची मुलाखत माझ्या मोबाईलवर आली. गळ्यात मफलर गुंडाळून तो सांगत होता की छोट्या गावांतल्या प्रेक्षकाला आरडाओरड लागते, संयत सिनेमा बघायचा धीर त्याच्याकडे नाही. धीर नाही! कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत जी माणसं वाट बघतात, एसटी येईल म्हणून फाट्यावर अख्खी दुपार उभी राहतात, त्यांना हा धीर शिकवणार. अरे बाबा, तुझ्या सिनेमात एक माणूस मारला जातो. तो कुणाचा कोण होता हे तू दाखवलं नाहीस. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, कुणी जेवायचं थांबलं नाही. मग त्याला मारलं कुणी, याच्याशी आम्हाला काय घेणं? तुझा फौजदार तासभर ज्या खुनाचा तपास करतो, त्या खुनाचं कुणाला दुःखच नाही. तुझ्या हातात ते दुःख फुकट आलं होतं, भाकरीसकट. ते तू कापून टाकलंस आणि राख ठेवलीस.

त्या दिवशी थिएटरच्या बाहेर आल्यावर मला राहवेना. शूटिंगच्या वेळी बायकांना बोलवायचं काम एका मुलीकडे होतं, तिचा नंबर भाभीकडे होता. मी तिथेच उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी राहून तो लावला. मुलगी गोड बोलली. तिला बाई लगेच आठवली. म्हणाली, “हो ताई, खूपच खरं झालं होतं ते. आम्ही सगळेच रडलो तेव्हा. पण एडिटला सरांना वाटलं की पूर्ण सिनेमाच्या मूडमध्ये ते बसत नाही. जरा जास्त होतंय, असं म्हणाले.”

“जास्त?” मी एवढ्या जोराने ओरडले की रसवाल्याने चरक थांबवला. “नवरा मेलेल्या बाईचं रडणं जास्त होतं? मग तुमच्या त्या टोप्या कमी होत्या का?”

मग मी म्हटलं, बरं, ते कापलेलं तरी पाठवा, एवढंसं असेल, आम्हाला घरी बघायला. ती म्हणाली, ते कंपनीकडे असतं, आता शोधूनही सापडायचं नाही. आणि सॉरी म्हणाली. सॉरी म्हणायला त्यांना बरं येतं. फोन ठेवून मागे वळले तर बाई माझ्या पाठीशीच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. “राहू दे गं,” म्हणाली, “जाऊ दे, गाडी भरली.”

जीपमध्ये आधी सगळ्या सिनेमाला शिव्या देत होत्या. शिव्या संपेपर्यंत राजूर मागे पडलं. बाई माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, “बाई, मनाला लावून घेऊ नका. त्या मेल्यांच्या सिनेमात तुम्ही दिसला नाहीत तेच बरं झालं. कुत्रं तरी बघतंय का तो?”

बाई म्हणाली, “मी दिसावं म्हणून कोण रडून राह्यलं? माझं थोबाड मला रोज दिसतं आरशात. मला पाह्यचं व्हतं, कोण कोण आल्तं.”

मागच्या बायका पुढे वाकल्या.

“पदर व्हता ना तोंडावर,” ती पुढे म्हणाली, कुणाकडे न बघता. “हात यायचे नुसते. घास यायचे. माझे डोळे भरलेले, दिसना काई. आन् हे विचारायचं कुनाला? आलेल्या बाईला तू आल्ती का म्हणून विचारतेत का? म्हटलं सिनेमात दिसंन. मंग आपल्याला ठाऊक राहीन.”

इतके महिने ती फोनवर काय विचारत होती ते मला तेव्हा कळलं. काय बोलणार मी? मी तर तिथे नव्हतेच.

गिरणीवालीच पहिली बोलली. “मी आल्ते, काकू. पह्यला घास माझाच व्हता. गिरणीत ठेवलेली माझी भाकर घेऊन पळत आल्ते, हाताला पीठ लागलं तसंच.”

बाईने तिच्याकडे पाहिलं. “हाव का? म्हणून कोरडं कोरडं लागलं.”

“मी पन होते, बाई,” भाभी पुढच्या सीटवरून वळून म्हणाली. “मला भाकर बनवता येत न्हाई तुमच्यासारखी, म्हणून पानी घेऊन आल्ते. तांब्या मीच लावला तोंडाला.”

मागून आणखी एकीने सांगितलं. मग तिच्या शेजारणीने. एकेक जण बोलत होती आणि बाई प्रत्येकीकडे वळून नीट बघत होती, चेहरा बघून मग मान हलवत होती. जीपवाल्याने गाणं लावलं होतं ते त्याने आपण होऊन बंद केलं.

मग सगळ्यांचं झालं आणि बोळाच्या पलीकडची, खिडकीशी बसलेली आमची शेजारीण तेवढी उरली. ती बाहेर बघत होती. बाहेर बघतच म्हणाली, “मी बी आल्ते, वैनी.”

अख्ख्या जीपला माहीत होतं की ही त्या दिवसांत जाफराबादला होती. हिने स्वतःच गावभर सांगितलं होतं. माझ्या जिभेवर ते सगळं आलं, लाडू, जाफराबाद, आणि त्याच्याही आधीचं फिनाईल, सकाळ-संध्याकाळ ओतलेलं. मी तोंड उघडलं. बाईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. हिची म्हैस तेवढे दिवस बाईनेच तर दोहली होती. ती कुठे होती हे बाईपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

बाई शेजारणीकडे वळली. बाकीच्यांकडे पाहिलं होतं तसंच, नीट, तिच्याकडे पाहिलं.

“हाव,” म्हणाली, “तुझा घास तर म्या वळखला व्हता. बेसनात मीठ जास्त. तुझ्या हातानं कव्हाबी मीठ जास्तच पडतं.”

शेजारणीने पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. त्या दिवशी सिनेमाला गेलेल्या आम्हा बायकांपैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा, केदारखेड्याच्या अलीकडे, एका भरलेल्या जीपमध्ये. बाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. त्या दिग्दर्शकाला हेही जरा जास्तच वाटलं असतं.